काळ्या फोनमधला कोळसा आणि पुलाची नाडी

काळ्या फोनवर आपला आवाज पलीकडे नीट जात नसला, की रिसीव्हर तळहातावर दोन-तीनदा आपटायचा. आमच्या घरातली ही सर्वमान्य दुरुस्ती होती आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा लागू पडायची. तोंडासमोरच्या जाळीमागे एक पातळ पडदा असे आणि त्याच्यामागे कोळशाच्या बारीक दाण्यांनी भरलेली चपटी डबी. आपण बोललो की पडदा थरथरायचा, दाणे दाबले जायचे, पुन्हा सैल व्हायचे. दाबले गेले की एकमेकांना जास्त ठिकाणी टेकायचे आणि वीज सहज पलीकडे जायची. सैल झाले की तिची वाट अडायची. एवढ्या भांडवलावर आपला आवाज तारेतून गावोगाव जात होता. दाणे एका जागी घट्ट बसले की आवाज मरायचा, रिसीव्हर आपटला की ते मोकळे व्हायचे. १८७० च्या दशकात एडिसन, ह्यूज वगैरे मंडळींनी पकडलेली ही युक्ती पुढे शंभर वर्षं आपल्या हातात खुळखुळत राहिली.

आता ती डबी काढा आणि तिच्या जागी पुलाचा बीम ठेवा. पडद्याच्या जागी वरून जाणारा मालाचा ट्रक. कोळशाच्या दाण्यांच्या जागी काँक्रीटमध्ये कालवलेले कार्बनचे बारीक तंतू. ट्रक आला की काँक्रीट कणभर दाबलं जाईल, तंतूंचे आपसातले आणि सिमेंटशी असलेले सांधे बदलतील आणि बीममधून सोडलेली वीज थोडी कमी-जास्त होईल. ती मोजायची. बीमवर किती भार आला, तो गेल्यावर बीम पूर्ववत झाला की नाही, आत कुठे तडा पडतोय का, हे त्या मोजमापावरून ओळखायचं. स्वसंवेदी सिमेंट म्हणतात ते एवढंच आहे. 'बोलणारं काँक्रीट' अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या वाचून एखाद्याला वाटेल की आत काही चिप-बिप बसवलेली असते. तसं काही नाही. वेगळं सेन्सर नसणं हाच यातला मुद्दा आहे: बांधकामाचा मालच सेन्सर.

याची गरज कशासाठी, हे कळायला आज आपण काय करतो ते बघावं लागेल. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे जुन्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना हा सोहळा ठाऊक असतो. आमच्याकडे झाला तेव्हा मी इंजिनिअरच्या मागे मागे फिरलो होतो. पहिलं काम साध्या हातोडीचं. पार्किंगमधल्या कॉलमवर ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला की समजायचं, गिलावा किंवा सळईवरचं काँक्रीट आतून सुटलंय. मग रिबाउंड हॅमर: स्प्रिंगचा दट्ट्या पृष्ठभागावर आपटून किती उसळतो त्यावरून वरच्या थराचा कणखरपणा. मग अल्ट्रासॉनिक: आरपार ध्वनिलहर सोडून ती किती वेगात पोचते ते बघायचं, कारण पोकळी किंवा तडा मध्ये आला की लहर वळसा घेते. सळई गंजतेय का याचा अंदाज घ्यायला हाफ सेलची चाचणी. आणि फारच शंका असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून गोल नळीसारखा तुकडा कापून तो प्रयोगशाळेत फोडून बघायचा. त्या कोअरचं भोक आमच्या सेक्रेटरीकाकांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माणसं दंतवैद्याकडे बघतात.

या चाचण्या चांगल्याच आहेत. पण त्या सगळ्या त्या दिवसापुरत्या, आणि जिथे हात पोचतो तिथल्यापुरत्या. मधल्या वर्षांत इमारतीचं काय चाललंय ते कोणी बघत नसतं.

काँक्रीटचं दुखणं तर आतून सुरू होतं. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा-तेराच्या घरात. त्या वातावरणात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड झिरपत जातो आणि ही अल्कता कमी करतो; समुद्राकाठी मिठातले क्लोराइड तो थरच फोडतात. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलत सुटतो. बाहेर तडा दिसतो तेव्हा आतलं प्रकरण जुनं झालेलं असतं.

गोव्यात पणजीच्या मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. त्याला वीस वर्षंही झालेली नव्हती. काँक्रीटच्या आतल्या, ताणून बसवलेल्या पोलादी तारांना लागलेल्या गंजाकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. मग नवा पूल होईपर्यंत कित्येक वर्षं पणजीकरांच्या नशिबी फेरीबोटींच्या रांगा आल्या. इटलीत जेनोव्हाचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला पडला, ४३ माणसं गेली. त्या पुलाचं वैशिष्ट्य असं, की त्याला तोलून धरणाऱ्या पोलादी केबलींवर काँक्रीटचं वेष्टण होतं. वेष्टण केबलींना जपण्यासाठी, पण त्यामुळेच आतला गंज उघड्या डोळ्यांना दिसणं अवघड झालं. अशा ठिकाणी ते वेष्टणच आतलं काही सांगू शकलं तर, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

हे सांगणं किती बारीक आवाजातलं असतं, ते आधी बघू. काँक्रीट दगडासारखं निर्जीव आणि ताठ असतं ही आपली समजूत. प्रत्यक्षात भार आला की तेही दबतं, फक्त फार थोडं. चांगला भार घेतलेला तीन मीटर उंचीचा कॉलम जेमतेम एक मिलिमीटर आखूड होतो. इंजिनिअर हे मायक्रोस्ट्रेनमध्ये मोजतात: एक मीटर लांबीत एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तर एक मायक्रोस्ट्रेन. आपल्या कॉलमची गोष्ट तीनशे-साडेतीनशे मायक्रोस्ट्रेनची. ओढलं, तर मात्र काँक्रीट शंभर-दीडशेच्या आसपासच तडकतं. दाब सोसण्यात ते पैलवान आहे, ओढ सोसण्यात अगदीच हळवं. म्हणून तर आत सळया घालतो.

इतका लहान फरक मोजायची रूढ पद्धत म्हणजे स्ट्रेन गेज, धातूच्या नागमोडी पट्टीचं एक चिकटवायचं तिकीट. धातू ताणला की त्याचा विद्युतरोध वाढतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्येच दाखवून दिलं होतं. लांबीतल्या फरकाच्या कितीपट फरक रोधात पडतो, त्या आकड्याला गेज फॅक्टर म्हणतात. धातूच्या तिकिटाचा गेज फॅक्टर साधारण दोन. म्हणजे शंभर मायक्रोस्ट्रेनला रोध बदलणार ०.०२ टक्के. हे मोजता येतं, पण जपून, चांगल्या उपकरणानेच. कार्बन तंतू घातलेल्या सिमेंटचे गेज फॅक्टर प्रयोगशाळांमध्ये शेकड्यांत मिळालेले आहेत. दोनशे धरा: त्याच शंभर मायक्रोस्ट्रेनला रोध दोन टक्क्यांनी बदलेल. कुजबुज आणि बोलणं यांत जेवढा फरक, तेवढा हा. शिवाय तिकीट एका बिंदूचं सांगतं आणि त्याचा डिंक काही वर्षांत म्हातारा होतो. मालच सेन्सर असेल तर तो बांधकामाएवढाच टिकायला हवा, निदान कागदावर.

या विषयाची सुरुवात सहसा १९९३ पासून धरतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात पु-वोई चेन आणि डेबोरा चुंग यांनी काँक्रीटमध्ये आखूड कार्बन तंतू घातले आणि दाखवलं, की भार देताना त्याचा रोध बदलतो, भार काढल्यावर परत येतो, आणि आत इजा झाली तर परत येत नाही. या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे, तिच्याकडे येतोच.

तंतू म्हणजे किती मोठे? लांबी पाच-सहा मिलिमीटर, जाडी दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या काही अंशच. प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या अर्धा टक्का पुरतं. पन्नास किलोच्या एका गोणीला पाव किलो. पाव किलो हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण तंतू इतके हलके आणि बारीक की ते घमेल्यात ओतले तर डोंगर दिसतो.

एवढ्याशा कार्बनने अख्ख्या ठोकळ्यातून वीज कशी जाते? पावसाळ्यानंतरचा ओढा डोळ्यांसमोर आणा. पलीकडे जायचंय, पाण्यात दगड टाकताय. दहा दगड टाकले तरी ओलांडता येत नाही, वीस टाकले तरी नाही, कारण कुठेतरी मोठी फट उरतेच. आणि मग आणखी दोन-तीन पडतात आणि अचानक काठापासून काठापर्यंत वाट जुळते. दगड थोडेच वाढले, पण 'नाही'चं 'हो' झालं. सिमेंटमधल्या तंतूंचं असंच होतं: एका ठरावीक प्रमाणापर्यंत रोध फारसा हलत नाही, मग अगदी थोड्या वाढीत धाडकन कोसळतो. या उंबरठ्याच्या आसपास मिश्रण सगळ्यात जागरूक असतं. वाटा नुकत्याच जुळलेल्या असतात, त्यामुळे जरा दाबलं की नव्या जुळतात, जरा ओढलं की तुटतात. त्याच्या बरंच पुढे जाऊन भरपूर कार्बन घातला तर वाटांचा महामार्ग होतो, आणि महामार्गावरचे चार दगड सरकले तर कोणाला पत्ता लागतो? जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, हा नियम इथे चालत नाही. सगळे दगड एकमेकांना टेकलेच पाहिजेत असंही नाही. फट काही नॅनोमीटरची असेल तर इलेक्ट्रॉन ती पार करून जातात, आणि फट किंचित वाढली तरी ही ये-जा झपाट्याने आटते. सूक्ष्म संवेदनेचा एक भाग तिथून येतो.

चुंग यांचं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे आणि मला ते जास्त पटतं. त्यांच्या मते तंतूंची साखळी पूर्ण जुळलेली नसतानाही सिमेंट संवेदना देतं. ओढल्यावर सिमेंटमध्ये अतिसूक्ष्म भेगा उघडतात. भेगेला टाका घातल्यासारखा आडवा असलेला तंतू त्यातून एक मायक्रॉनहूनही कमी सरकतो. तंतू आणि सिमेंट यांचा सांधा सैल होतो आणि रोध वाढतो. ओढ गेली की भेग मिटते, तंतू आत जातो, रोध उतरतो. तंतू एका बाजूने भेगेला धरूनही ठेवतो आणि दुसऱ्या बाजूने तिची खबरही देतो.

आता ती मेख. नेहमीच्या भाराखाली रोधाचा आलेख वर-खाली होत मूळ जागी येतो, श्वासासारखा. एखाद्या दिवशी जास्त भार येतो, आत भेग पडते, आणि भार गेल्यावर आलेख पहिल्या पातळीवर न येता जरा वरच थांबतो. आता तीच नवी पातळी. पुढच्या वेळी आणखी जरा वर. भार कळणं आणि इजा कळणं या दोन गोष्टी या एकाच रेघेत वेगळ्या ओळखता येतात: जे परत येतं तो भार, जे परत येत नाही ती इजा. इतक्या साध्या विभागणीमुळेच या विषयाने तीस वर्षं संशोधकांना धरून ठेवलं असावं.

प्रत्यक्ष मोजताना चार तारा लावतात, दोन नाही. काँक्रीटला तार जिथे टेकते तिथल्या सांध्याचाच रोध इतका आणि इतका लहरी असतो, की दोन तारांनी मोजलं तर आपण बीम न मोजता तो सांधा मोजत बसू. म्हणून बाहेरच्या दोन तारांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन तारांमधला व्होल्टेजचा फरक वाचायचा. आतल्या तारांमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांचा सांधा कसाही असला तरी हिशेबात येत नाही. बॅटरीची एकाच दिशेची वीज सोडली तर आणखी एक खोड समोर येते: आतल्या पाण्यातले आयन तारांपाशी गोळा होतात आणि काही भार नसताना रोध चढत जातो. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं आपला ठोकळा काहीतरी सांगतोय. त्यावर उपाय म्हणून दिशा बदलणारी वीज वापरतात, किंवा आलेख स्थिरावेपर्यंत चहा पिऊन येतात.

या सगळ्यात सर्वात कष्टाचं काम मात्र वीज मोजण्याचं नाही, कालवण्याचं आहे. कार्बनचे तंतू पाण्यात घातले की गुच्छ करून बसतात. १९९१ मध्ये सुमियो इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे गाजलेल्या कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, तर त्याहून हट्टी. पिठात पाणी एकदम ओतल्यावर ज्या गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटलं तरी आतून कोरड्याच राहतात, तशीच ही गत. गुठळी झाली की दुहेरी नुकसान: वीज नेण्याचं काम होत नाही आणि काँक्रीटमध्ये एक कच्ची जागा तयार होते. तंतूंसाठी पाण्यात थोडं मिथाइल सेल्युलोज घालतात, सिलिका फ्यूमची अतिबारीक भुकटी मिसळतात; तिचे कण तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना सुटं ठेवतात. नॅनोट्यूबसाठी अल्ट्रासॉनिक लहरींनी द्रव झोडपावा लागतो. प्रयोगशाळेत विटेएवढ्या ठोकळ्यासाठी हे जमतं. साइटवर मिक्सरची गाडी उभी, मुकादम ओरडतोय, पंप थांबलाय, अशा वेळी प्रत्येक गाडीतला माल सारखाच कालवला गेलाय याची हमी कोण देणार? दोन गाड्यांच्या मालाचे गेज फॅक्टर वेगळे निघाले तर एकाच बीमच्या दोन टोकांना दोन वेगळ्या भाषा.

आणि आता पाणी. माझ्या मते या विषयाची खरी परीक्षा इथे आहे, आणि उत्साही लेखांमध्ये नेमकी हीच गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते.

साधं काँक्रीटसुद्धा वीज नेतं, पण कार्बनने नाही, पाण्याने. त्याच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये सोडियम, पोटॅशियमचे आयन विरघळलेलं पाणी असतं. भिजलेल्या काँक्रीटचा रोध आणि पूर्ण वाळवलेल्या काँक्रीटचा रोध यांत लाखो पटींचा फरक पडू शकतो. कार्बन घातल्यावर हा फरक बराच कमी होतो, पण संपत नाही. आता हिशेब मांडा. भाराने पडणारा फरक एक-दोन टक्के. आणि आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, मग ऑक्टोबरचं ऊन. बीम तोच, भार तोच, आणि रोध मात्र ऋतूबरोबर झोके घेतोय. त्यात तापमान आहे: या सिमेंटचा रोध गरम झाल्यावर उतरतो, धातूच्या उलट. शिवाय काँक्रीट एका अंशाला दहाएक मायक्रोस्ट्रेन फुगतं, म्हणजे पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक असेल तर दोनशे मायक्रोस्ट्रेन नुसत्या उन्हाचे. त्यात वय आहे: सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया महिनोन्महिने चालू राहते, आतलं पाणी वापरलं जातं आणि काही न घडताही रोध चढत जातो.

थोडक्यात, काँक्रीटला बोलतं करणं सोपं निघालं. ते एकाच वेळी चार गोष्टींविषयी बोलतं ही अडचण आहे. गर्दीच्या लोकलमध्ये फोनवर बोलणाऱ्याचं ऐकावं तसं.

यावर जो उपाय मला सगळ्यात आवडतो, तो जुन्या स्ट्रेन गेजवाल्यांकडून उचललेला आहे. त्याच मालाचा, त्याच दिवशी ओतलेला एक जुळा ठोकळा बीमशेजारी ठेवायचा, पण त्याच्यावर भार येऊ द्यायचा नाही. पाऊस दोघांवर सारखा, ऊन सारखं, वय सारखं. दोघांच्या आकड्यांची वजाबाकी केली की उरतो तो भार. पूर्ण उत्तर नाही हे, कारण जाड बीमच्या पोटातली ओल आणि लहान ठोकळ्यातली ओल एका वेगाने वाळत नाहीत. पण दिशा बरोबर आहे. दुसरा मार्ग म्हणजे वेगाचा फायदा घेणं. ओल आठवड्यांत बदलते, तापमान तासांत, आणि ट्रक पुलावरून सेकंदांत निघून जातो. आलेखावर सेकंदभराचा झटका दिसला तर तो पावसाचा नसतो.

म्हणूनच या सिमेंटचा पहिला भरवशाचा उपयोग रस्त्यावर दिसला यात मला नवल वाटत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या दुलुथ आवारातल्या बाओगुओ हान आणि शुन यू यांनी नॅनोट्यूब घातलेल्या काँक्रीटचे पट्टे मिनेसोटातल्या 'एमएन-रोड' या चाचणी-रस्त्यात बसवले आणि वरून गाड्या नेल्या. प्रत्येक चाकागणिक झटका. गाडी मोजायची, तर काल तिथे ओल किती होती याच्याशी कर्तव्य नसतं. आपल्याकडे ओव्हरलोड ट्रक पकडायला वजनकाटे लागतात, रांगा लागतात. रस्ताच वजन घेऊ लागला तर पुलाला त्याच्या रोजच्या जेवणाचा हिशेब आपोआप मिळेल. अमुक पूल अमुक टनांसाठी, अशी पाटी आपण लावतो. त्यावरून खरोखर किती टन गेले, हे बहुतेक ठिकाणी कोणीच लिहून ठेवत नाही.

दुसरं उदाहरण इटलीचं. पेरूजा विद्यापीठात फिलिप्पो उबेर्तिनी आणि अँटोनेला डी'अलेसांद्रो यांच्या गटाने हीच कल्पना विटेत आणली. तो उंब्रिया प्रांत म्हणजे भूकंपाचा आणि जुन्या दगड-विटांच्या घरांचा. ३० ऑक्टोबर २०१६ च्या धक्क्यात तिथल्या नोर्चा गावची संत बेनेडिक्टची बॅसिलिका कोसळली. वीट भट्टीत भाजायची, म्हणजे कार्बन जळून जाणार. म्हणून त्यांनी मातीत पोलादाचे बारीक तंतू मिसळले. सगळी भिंत अशी बांधायची नाही. मोजक्या मोक्याच्या जागी एकेक स्मार्ट वीट. भूकंपात भिंतीचा एक भाग फाटला की त्याच्यावरचा भार शेजारच्या भागावर सरकतो, काही विटांवर दाब वाढतो, काहींवर उतरतो. भूकंपाआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले की भार कुठून कुठे गेला ते दिसतं. बाहेरून धड दिसणाऱ्या घरात लोकांना परत जाऊ द्यायचं की नाही, हा भूकंपानंतरचा सगळ्यात अवघड प्रश्न असतो. किल्लारीनंतर मराठवाड्यात लोक धड उभ्या घरांतही झोपायला घाबरत होते.

मोजक्याच जागी घालण्यामागे पैशाचंही गणित आहे. सिमेंट किलोला सात-आठ रुपये, कार्बन तंतू किलोला हजारांच्या घरात. घनमीटर काँक्रीटमध्ये सिमेंट साडेतीनशे-चारशे किलो, म्हणजे तंतू पावणेदोन-दोन किलो. सगळा पूल असा ओतायचा म्हटलं तर कंत्राटदार जागेवरच बसेल. त्यापेक्षा फॅक्टरीत, निगुतीने कालवून, तपासून, प्रत्येकाचा गेज फॅक्टर लिहून लहान ठोकळे करायचे आणि स्लॅब ओतताना नेमक्या जागी, जिथे ओढ सर्वात जास्त तिथे, सळयांच्या जाळीत बांधून टाकायचे. कालवण्याची अडचणही अशाने सुटते. कोणी म्हणेल, मग हे वेगळं सेन्सरच झालं की! झालं खरं. पण ते काँक्रीटचंच आहे, आजूबाजूच्या काँक्रीटसारखंच फुगतं, आखडतं आणि म्हातारं होतं. डिंक सुटण्याचा प्रश्न नाही.

सळयांचा उल्लेख आला म्हणून दोन शंका. सळई ही विजेला सर्वात सोपी वाट, त्यामुळे तारा चुकीच्या जागी लावल्या तर वीज बिचाऱ्या तंतूंकडे न जाता सळईतून पळते, आणि आपण सळईचं मोजमाप काँक्रीटच्या नावावर लिहितो. दुसरी जास्त गंभीर. कार्बन आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांची छोटी बॅटरी बनू शकते, आणि त्या जोडीत झिजतं ते लोखंड. खाऱ्या हवेत गंजाची खबर द्यायला घातलेला कार्बन गंजालाच मदत करू लागला तर? थोड्या प्रमाणात आणि घट्ट काँक्रीटमध्ये हा धोका कमी, पण वसई-अलिबागच्या किनाऱ्यावर मी तरी सळईला सरळ टेकवून घालणार नाही.

कार्बनशिवायच हे जमवण्याचा प्रयत्नही चालू आहे. चुंग यांनी अलीकडच्या वर्षांत साध्या, काहीही न मिसळलेल्या सिमेंटची विद्युतधारिता, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, मोजून दाब ओळखण्यावर काम केलं आहे. ते रुळलं तर जुन्या बांधकामांनाही दार उघडेल. तिकडे एमआयटीत काजळी, सिमेंट आणि पाणी यांतून वीज साठवणारं काँक्रीट करण्याचा खटाटोप सुरू आहे; २०२३ मधला त्यांचा अंदाज असा होता, की ४५ घनमीटरच्या ठोकळ्यात दहा युनिट वीज मावेल. तो वेगळा विषय, पण चुलतभाऊच म्हणायचा. काळा फोन, सिमेंट, बॅटरी, सगळीकडे आपला तोच कोळसा.

हे सगळं मी सोसायटीच्या गच्चीवर सेक्रेटरीकाकांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आपल्या इमारतीत घालता येईल का?"

उभ्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये आता काही कालवता येत नाही. पण दुरुस्तीचा माल म्हणून येईल. पोपडे निघालेल्या बीमचं सैल काँक्रीट काढून आपण नवा मोर्टार भरतोच. तो तंतू घातलेला असू शकतो, किंवा बीमच्या तळाला त्याचा बोटभर जाडीचा पट्टा देता येईल. चार तारा बाहेर काढायच्या, आणि पहिलं पूर्ण वर्ष, पाऊस-हिवाळा-उन्हाळा, नुसती नोंद ठेवायची. तेवढ्यात काही निष्कर्ष काढायचा नाही. निरोगी असताना आपल्या बीमचा आलेख ऋतूंबरोबर कसा हलतो हे माहीत नसेल, तर आजाराचा आलेख ओळखणार कसा? दुसऱ्या वर्षापासून बोलता येईल. बाजारात जाऊन "द्या दोन गोणी" म्हणण्याजोगा हा माल आज नाही. याचा आकडा दाखवून इमारत रिकामी करा किंवा राहू द्या असं सांगण्याची हिंमत मी करणार नाही. त्यासाठी अजून हातोडी, हाफ सेल आणि कोअरच.

"म्हणजे वर्षभर कोणीतरी रोज आकडे लिहायचे," काका म्हणाले.

ते काम मशीन करेल, मी म्हटलं. पण आलेख वर जाऊन तिथेच थांबला, तर त्याच्याकडे बघणारा माणूस लागेल.

काकांनी पाण्याच्या टाकीकडे बघितलं. तिचा फ्लोट व्हॉल्व गेल्या दिवाळीपासून बिघडलेला आहे आणि ती रोज सकाळी भरून वाहते, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.